स्पिल किट, स्पिल पॅलेट आणि स्पिल प्लॅन: मकरपुऱ्यातल्या आमच्या ट्रान्सफॉर्मर वर्कशॉपमधला चौदा महिन्यांचा अनुभव

आधी काय काय घेतलं ते सांगते, ज्यांना तेवढंच हवंय त्यांचा वेळ जायला नको. नोव्हेंबर २०२४ मध्ये बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या) आमच्या वर्कशॉपसाठी २४० लिटरचं ऑइल स्पिल किट, म्हणजे सांडलेलं तेल उचलायचं सामान, एक, तेच चाकांच्या पिवळ्या डब्यातलं, चार बॅरल ठेवायचे, खाली हौद असलेले स्पिल पॅलेट तीन, गटारावर टाकायचं ड्रेन कव्हर एक आणि ह्याच्याबरोबर एका सल्लागारांकडून साइटचा स्पिल प्लॅन, म्हणजे तेल सांडू नये आणि सांडलं तर कोणी काय करायचं ह्याचा, बनवून घेतला. सामानाचे सगळे मिळून लाखाच्या जरा आत गेले, प्लॅनचे पैसे वेगळे. चौदा महिने झाले, मध्ये एकदा खरोखर तेल सांडलं, त्यामुळे आता लिहायला काहीतरी आहे. डीलरचं नाव लिहीत नाही कारण सामान तेच चार ठिकाणी मिळतं, आणि मला सांगायचंय ते सामानाबद्दल आणि प्लॅनबद्दल.

आमचं काम ट्रान्सफॉर्मर रिपेअरिंगचं, सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, सुरू केलेलं. बडोद्यात ट्रान्सफॉर्मरचं काम किती चालतं ते इथल्यांना सांगायला नको. म्हणजे तेल आलंच. नव्या तेलाची पाच हजार लिटरची टाकी, फिल्टर मशीन, जुन्या तेलाचे पंधरा-वीस बॅरल, आणि दुरुस्तीला आलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या पोटातलं तेल वेगळं, जे आम्ही इतकी वर्षं साठ्यात धरतच नव्हतो! यार्डात सात-आठ नग उभे असले तरी प्रत्येकात काही शे लिटर असतंच की. हे प्लॅन करताना पहिल्यांदा लक्षात आलं.

घ्यायची वेळ का आली, तर ऑगस्ट २०२४ चा पूर. विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी २६ च्या आसपास असताना. घर दांडिया बाजारात, वर्कशॉप मकरपुऱ्यात, तीन दिवस कुणाला तिथे जाताच आलं नाही. शेडमध्ये कमरेएवढं पाणी शिरलं होतं. आम्हाला वाटायचं भरलेला बॅरल दोनशे किलोचा, तो कुठे हलतोय. पण हिशोब करून बघा, बॅरलमध्ये साधारण २१० लिटर तेल, ट्रान्सफॉर्मर ऑइल लिटरला ०.८८ किलोच्या आसपास, म्हणजे १८५ किलो, पत्रा अठरा-वीस किलो, आणि तो जे पाणी बाजूला सारतो ते ह्या सगळ्यापेक्षा जास्त वजनाचं. म्हणजे भरलेला बॅरल तरंगतो. आमचे तरंगले, एकमेकांवर आपटले, दोनचे बूच सैल होते ते आडवे झाले. पाणी उतरल्यावर भिंतीवर कमरेच्या उंचीला तेलाची काळी रेघ होती आणि बाहेरच्या रस्त्यावरच्या डबक्यात पण तवंग. ते तेल किती गेलं आणि कुठवर गेलं ते आता कुणी काढू शकणार नाही. विश्वामित्री पावागढाहून येते, शहराच्या मधून जाते, पुढे ढाढरला मिळून खंभातच्या आखातात. त्या नदीत मगरी राहतात, काठावर माणसं राहतात, आणि त्या पुरात आमच्या शेडचं पण तेल होतं ह्याचं मला अजून वाईट वाटतं.

त्याच्या आदल्या वर्षीच, डिसेंबर २०२३ मध्ये, चेन्नईजवळ असंच मोठ्या प्रमाणावर झालं होतं. मिचौंग वादळाच्या पुरात मनालीच्या रिफायनरीच्या आवारातलं तेल पाण्याबरोबर बकिंगहॅम कालव्यातून एन्नोरच्या खाडीत गेलं, कोळ्यांच्या होड्या-जाळी काळी झाली. बातमीत बघताना ते समुद्राकाठचं, रिफायनरीचं, आपलं काय, असं वाटलं होतं.

आता प्लॅनबद्दल, कारण खरी किंमत तिथे वसूल झाली. आमचं एक गिऱ्हाईक अमेरिकेत माल पाठवतं, त्यांनी ऑडिटमध्ये विचारलं होतं की तुमच्याकडे एसपीसीसीसारखं काही आहे का. म्हणजे स्पिल प्रिव्हेन्शन, कंट्रोल अँड काउंटरमेझर, तिकडच्या पर्यावरण खात्याचा, ईपीएचा, नियम, १९७४ पासून चालू आहे. जमिनीवर तेलाचा साठा १,३२० गॅलनच्या वर गेला की आणि ते तेल नदी-नाल्यात पोचू शकत असेल तर लेखी प्लॅन लागतो, ५५ गॅलनपासून वरचं प्रत्येक भांडं मोजायचं, दर पाच वर्षांनी प्लॅन परत तपासायचा. १,३२० गॅलन म्हणजे जेमतेम पाच हजार लिटर आणि ५५ गॅलन म्हणजे आपला नेहमीचा बॅरल. आपल्याकडे तो कायदा लागू नाही, पण मोजायची पद्धत चांगली आहे आणि त्या मापाने आमचं एवढंसं वर्कशॉप आरामात आत बसतं.

सल्लागार काका रिटायर्ड माणूस, आयुष्य केमिकल प्लांटमध्ये गेलेलं. मला वाटलं होतं येतील, फोटो काढतील, शंभर पानांची फाइल देतील. त्यांनी पहिल्या दिवशी फाइल उघडलीच नाही. बादलीत पाणी, त्यात हिरवा खायचा रंग, आणि एकेका गटारात ओतत सुटले, आमच्या एका मुलाला बाहेर प्रत्येक चेंबरपाशी उभं करून. वाइंडिंग सेक्शनच्या मागे एक जाळी आहे, ती सेप्टिक टँकला जाते असं सगळे समजत होते, बाबा पण. रंग ओतला आणि थोड्या वेळाने बाहेरून मुलगा ओरडला, "बेन, आ तो सीधुं कांसमां जाय छे!" बाहेरच्यांसाठी सांगते, कांस म्हणजे आमच्याकडची पावसाच्या पाण्याची मोठी उघडी गटारं, पुढे नदीलाच जातात. त्या जाळीपासून सहा फुटांवर आमचं फिल्टर मशीन उभं होतं, वर्षानुवर्षं. बाबा काही बोलले नाहीत, जाऊन त्या जाळीपाशी बराच वेळ उभे राहिले.

काकांनी तेव्हा अमेरिकेतली १९८८ ची गोष्ट सांगितली. पेनसिल्व्हेनियात फ्लोरेफ नावाच्या गावी डिझेलची मोठी टाकी दुसरीकडून काढून आणून परत उभी केली होती, जानेवारीत पहिल्यांदाच काठोकाठ भरताना फाटली. ३८ लाख गॅलनच्या वर डिझेल एका झटक्यात बाहेर, त्याची लाटच झाली आणि डाइकच्या, म्हणजे तेल अडवायला टाकीभोवती बांधतात त्या, भिंतीवरून पलीकडे गेली. पण नदीत ते कसं गेलं, तर शेजारच्या आवारातल्या एका उघड्या राहिलेल्या पावसाळी गटारातून. मोनोंगाहेला नदी, पिट्सबर्गकडच्या कितीतरी लोकांच्या पिण्याच्या पाण्याचे वांधे झाले. टाकी केवढीही असू दे, काका म्हणाले, तेल कुठून जाणार ते आधी गटाराला विचारा.

डाइकचं पण असंच. आमच्या टाकीभोवती डाइक वॉल आहे ह्याचा आम्हाला अभिमान होता. आतून चार मीटर बाय तीन मीटर, उंची ६० सेंटिमीटर, म्हणजे ७,२०० लिटर मावतं. टाकी ५,००० ची, नेहमीचा ठोकताळा ११० टक्क्यांचा, म्हणजे ५,५०० पुरे. पास झालो असं वाटलं. मग त्यांनी विचारलं वर छप्पर आहे का? नव्हतं. ३१ जुलै २०१९ आठवतोय ना, बडोद्यात एका दिवसात २० इंचांच्या आसपास पाऊस पडला होता, म्हणजे अर्धा मीटर. बारा चौरस मीटरच्या डाइकमध्ये अर्धा मीटर पाणी म्हणजे ६,००० लिटर. उरले १,२००. त्या दिवशी टाकी गळली असती तर डाइक असून नसल्यासारखी. आणि त्याच्यावर कडी म्हणजे पावसाचं पाणी साचू नये म्हणून डाइकचा ड्रेन वॉल्व कायम उघडा ठेवलेला होता, कधीपासून ते कुणालाच सांगता येईना! जीआयडीसीत हिंडून बघा, पावसाळ्यात कितीतरी जणांचे असेच उघडे दिसतील. आता वर पत्र्याची शेड टाकली, वॉल्वला कुलूप, किल्ली फोरमनच्या टेबलामागच्या खिळ्यावर आणि शेजारी वही. पाणी सोडायच्या आधी वरून बघायचं, तवंग नसेल तरच उघडायचा, कुणी उघडला कधी बंद केला ते लिहायचं. तवंग असेल तर आधी तेल शोषणारे पॅड टाकून तेल उचलायचं.

सगळ्यात स्वस्तातलं काम म्हणजे शेवटच्या चेंबरमध्ये उलटा एल्बो. पीव्हीसीचा एल्बो तोंड खाली करून बसवला, म्हणजे बाहेर जाणारं पाणी चेंबरच्या तळाकडून उचललं जातं आणि तेल वर तरंगत आतच अडकतं. हजाराच्या आत झालं, प्लंबरच्या मजुरीसकट. ह्याला मर्यादा आहे, चेंबर तेलाने भरला तर ते खालून जाणारच, अधूनमधून वरचं काढायला लागतं, आणि पुरात सगळंच पाण्याखाली गेलं तर काही उपयोग नाही. पण रोजच्या थेंब-थेंब गळतीला मस्त. बॅरलसाठी वेगळं केलं, जमिनीपासून चार फुटांवर लोखंडी रॅक आणि त्यावर पट्टा आवळून बांधायचे, पुरात तरंगू नयेत म्हणून. पाच हजारची टाकी पण फाउंडेशनला बोल्ट केली, कारण अर्धी रिकामी टाकी तर बॅरलपेक्षा लवकर उठते.

आता सामान. किटबद्दल पहिली गोष्ट, २४० लिटर हे त्या डब्याचं माप आहे. तेवढं तेल ते शोषतं असं नाही. हे डीलरने आपणहून सांगितलं नाही आणि माझी चिडचिड झाली. आत पांढरे पॅड शंभर, सॉक्स म्हणजे लांब लोडासारख्या गुंडाळ्या सहा, दोन उशा, ग्लोव्ह्ज, गॉगल, जाड म्हणून सांगितलेल्या पिशव्या. पांढरे पॅड फक्त तेलाचे, पॉलिप्रॉपिलीनचे, पाणी पीत नाहीत. करडे मिळतात ते पाणी-तेल सगळं पितात आणि पिवळे केमिकलसाठी. आमच्यासारख्यांना पांढरेच घ्या, पावसात करडे पाण्यानेच भरून जातील.

मी वजन करून बघितलं. कोरडा पॅड, मग ट्रान्सफॉर्मर ऑइलमध्ये बुडवून एक मिनिट निथळू दिला, परत वजन. पाच पॅडची सरासरी काढली तर एका पॅडने पाऊण किलोच्या जरा वर तेल धरलं, म्हणजे लिटरला थोडं कमी. बॉक्सवर लिहिलंय त्याच्यापेक्षा कमीच, पण वाईट नाही. मग दोन बादल्या, दोन्हीत पाणी आणि वर पेलाभर तेल. एकीत पॅड, एकीत आम्ही इतकी वर्षं वापरतो तो लाकडाचा भुसा. पॅडने वरचं तेल उचललं आणि तरंगतच राहिला. भुशाने आधी पाणीच प्यायलं, त्याचा लगदा झाला आणि काही खाली बसला, तेलाचा तवंग तसाच. कोरड्या फरशीवर भुसा अजून ठीक आहे, पण ओल्या जागी पैसे वाया. कॉटन वेस्टचं पण तेच.

खरी परीक्षा मार्च २०२५ मध्ये झाली. फिल्टरेशन चालू असताना होजचा क्लॅम्प सटकला. मशीन तासाला तीन हजार लिटरचं, म्हणजे मिनिटाला पन्नास. ऑपरेटर पोचून बंद करेपर्यंत अडीच-पावणेतीन मिनिटं गेली, साधारण १३० लिटर फरशीवर. पूर्वी असं झालं की सगळे आधी भुशाची पोती आणायला धावायचे. ह्या वेळी जे ठरलं होतं तेच झालं: एकाने मशीनचा स्विच बंद केला, दुसऱ्याने जाळीवर कव्हर टाकलं, तिसऱ्याने सॉक्सचं रिंगण केलं, आणि मग उचलायला सुरुवात. पहिल्या मॉक ड्रिलला कव्हर टाकायलाच बारा मिनिटं लागली होती कारण किट कुलूपबंद स्टोअरमध्ये आणि किल्ली अकाउंटंटकडे. त्यानंतर किट उघड्यावर, मशीनच्या बाजूलाच ठेवलं. मार्चमध्ये कव्हर दोन मिनिटांच्या आत जाळीवर होतं.

पॅड लगेच टाकायचे नाहीत, हे पण शिकलो. आधी सुपडीने आणि वायपरने ओढून जेवढं बादलीत भरता येईल तेवढं भरलं, ऐंशी लिटरच्या आसपास मिळालं, उरलेल्याला साठेक पॅड लागले. शंभरातले साठ एका छोट्या अपघातात गेले बघा. म्हणजे अख्खा बॅरल फुटला तर हे किट एकटं पुरणार नाही.

सॉक्स उत्तम, जिथे टाकाल तिथे बसतात, दोन सॉक्सची टोकं एकमेकांवर चढवून टाकायची मात्र, नाहीतर फटीतून तेल निघतं. ड्रेन कव्हरने निराश केलं. गुळगुळीत फरशीवर घट्ट बसतं, पण आमच्या जाळीभोवतीचं काँक्रीट खडबडीत, कडेने तेल झिरपायला लागलं, वर रेतीच्या पिशव्या ठेवल्या तेव्हा थांबलं. नंतर तो पट्टा सिमेंटने गुळगुळीत करून घेतला. कव्हर जाळीपेक्षा चारी बाजूंनी वीतभर मोठं घ्या. एक चांगलं आहे, धूळ बसून चिकटपणा गेला तर साबणाच्या पाण्याने धुतलं की परत येतो. ग्लोव्ह्ज पहिल्याच वापरात फाटले, पिशव्या पातळ निघाल्या, दुप्पट घालायला लागल्या. ट्रान्सफॉर्मर ऑइलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ पेट घेऊ शकते तो, १४० डिग्रीच्या वर, म्हणून आम्ही जवळ उभं राहून उचलू शकलो. थिनर किंवा पेट्रोल असेल तर असं करू नका, तिथे आधी माणसं बाजूला आणि ठिणगी बंद.

स्पिल पॅलेटबद्दल फार लिहायला नाही. चांगले आहेत, चार बॅरल ठेवले तरी वाकले नाहीत, खालच्या हौदात एक अख्खा बॅरल मावतो. वरची जाळी उचलून साफ करायला जड जाते एवढंच. हौदात पावसाचं पाणी साठलं तर जागा जाते, म्हणून आतच ठेवा.

वापरलेल्या पॅडचं काय करायचं हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारला. कचऱ्याच्या गाडीत टाकायचे नाहीत आणि भंगारवाल्याला पण द्यायचे नाहीत. २०१६ च्या हॅझार्डस वेस्ट रूल्समध्ये वापरलेलं तेल आणि तेलकट चिंध्या दोन्ही येतात. झाकणाच्या ड्रममध्ये लेबल लावून ठेवायचे, ९० दिवसांच्या आत मॅनिफेस्टसकट, म्हणजे काय कुठून कुठे गेलं त्याच्या कागदासकट, अधिकृत ठिकाणी पाठवायचे, आणि तेल मान्यताप्राप्त रिसायकलरला. जीपीसीबीच्या, म्हणजे गुजरातच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या, माणसाने विचारलं तर कागद हवेत. आमच्या लाइनमधल्यांसाठी अजून एक, खूप जुना ट्रान्सफॉर्मर आला तर उघडायच्या आधी तेलाची पीसीबी टेस्ट करा, पीसीबी म्हणजे जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात सापडणारं विषारी रसायन. २०१६ च्या ऑर्डरने पीसीबीचा वापर ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत पूर्ण बंद करायचा होता, पण कुठल्या तरी कोपऱ्यातला जुना नग अजून येऊ शकतो, आणि रंगावरून किंवा वासावरून ते कळत नाही. तसलं तेल सांडलं तर ही सगळी साफसफाई वेगळ्याच दर्जाची होते. आम्ही आता रिपोर्ट आल्याशिवाय बूच उघडत नाही.

डीलरच्या सर्व्हिसला मी पाचात दोन देईन. विकताना दिवसाला दोन फोन, साठ पॅडचं रिफिल मागवलं तर पाच आठवडे लागले, आणि ते पाच आठवडे आम्ही अर्ध्या किटवर काढले. आता शंभर पॅडचा एक बॉक्स जादा घेऊन ठेवलाय. सामानाला साडेतीन, ग्लोव्ह्ज आणि पिशव्या सुधारल्या तर चार. प्लॅनला पूर्ण पाच, आणि तो शेवटी चौदाच पानांचा झाला, त्यातलं एक पान गुजरातीत मोठ्या अक्षरात मशीनमागच्या भिंतीवर लावलंय, कोणी काय करायचं आणि कुणाला फोन करायचा. ज्यांचं बजेट कमी आहे त्यांनी किट थांबवलं तरी चालेल, आधी रंगाची बादली, वॉल्वला कुलूप आणि उलटा एल्बो हे तिन्ही करून घ्या. मग पॅडचा एक बॉक्स आणि सहा सॉक्स सुटे घ्या, डबा तुमच्याकडे कुठला तरी असतोच.

एक काम राहिलंय. आमचं आणि शेजारच्या शेडचं गटार बाहेर एकाच चेंबरमध्ये मिळतं, तिथे बंद करायचं गेट बसवायचंय, खर्च अर्धा-अर्धा. शेजारचे भाई तयार झालेत, त्यांच्या जाळीत रंग ओतला तेव्हा ते स्वतः कांसाकाठी उभे होते. पावसाच्या आधी, मेमध्ये, काम लावायचं ठरलंय. रंगाची अर्धी बाटली अजून आमच्याकडे आहे, मकरपुऱ्यात कुणाला आपलं गटार कुठे जातं ते बघायचं असेल तर येऊन घेऊन जा.